उभ्या गाडीचे टायर

“साहेब नाही आले?” दादरच्या टायरवाल्याने माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारलं.

मागे कोणी नव्हतं. रस्त्याच्या कडेला लावलेली माझी गाडी होती आणि ती हलावी म्हणून हॉर्न वाजवणारा एक टॅक्सीवाला होता.

“गाडी माझी आहे. चालवत मीच आणलीय. टायर मला हवेत,” मी म्हटलं.

“तसं नाही हो मॅडम. साहेबांना फोन लावा ना. कंपनी कोणती, बजेट किती, त्यांच्याशी बोलून घेतो.”

माझा नवरा जाऊन तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचा चेहरा लगेच पडला असता, बसायला स्टूल आलं असतं. मला त्याची हळहळ नको होती, टायर हवे होते. “साहेबांना विचारायची गरज नाही,” मी म्हटलं. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाने मान वळवून पाहिलं.

मी परळच्या एका सरकारी रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासते. माझ्या हातून गेलेल्या रिपोर्टवर डॉक्टर औषधं बदलतात. पण एका साध्या छोट्या गाडीला कोणते टायर बसवायचे हे मला कळेल, यावर त्या माणसाचा विश्वास नव्हता.

गाडी बाहेर काढायचं कारण माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडेच राहतात, लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून. आधी जुन्या चाळीच्या खोलीत, आता त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत. त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग व्यायामासाठी दर आठवड्याला माटुंग्याला न्यायचं ठरलं. परळहून माटुंगा म्हणजे टॅक्सीवाल्याला ना जवळ ना लांब. काळीपिवळीवाले ठिकाण ऐकून काच वर करायचे. फोनवर बोलावलेली गाडी यायची तर ड्रायव्हर आधी विचारायचा, “कहाँ जाना है?” आणि माटुंगा म्हटलं की गाडी रद्द. एकदा सासूबाई वॉकर धरून फुटपाथवर इतका वेळ उभ्या राहिल्या की त्यांचे पाय लटपटायला लागले. त्यांना कसंबसं धरून परत वर आणलं आणि त्याच दिवशी ठरवलं, बस झालं. खाली कंपाउंडमध्ये कव्हर घालून गाडी उभी आहे. माझ्याकडे लायसन्स आहे. कोणाच्या विनवण्या करायच्या नाहीत.

लायसन्स होतं, सवय नव्हती. नवरा असताना मी रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या आसपास गाडी चालवायचे, तो शेजारी बसलेला असताना. तो गेल्यावर घातलेलं कव्हर कोणी काढलंच नव्हतं. बॅटरी संपली होती. ती बदलायला आलेला माणूस काम संपवून चाकांपाशी वाकला आणि म्हणाला, “मॅडम, टायर गेलेत. बाजूने बघा कशा भेगा पडल्यात. यावर पुलावर चढू नका.”

मला नवल वाटलं. आजारी पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात नवऱ्याने चारही टायर नवे घातले होते.

“उभ्या गाडीचे टायर सडतात,” तो म्हणाला. मला काय माहीत. मी मान डोलावली.

म्हणून मी दादरला त्या दुकानात उभी होते. साहेब येणार नाहीत हे पटल्यावर दुकानदाराने मला एक टायर काढून दाखवला. कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं.

“हे घ्या. तुम्ही कुठे लांब जाणार? लेडीज लोकांना दादर-परळ करायला हे मस्त. एकदम स्वस्तात बसतील.”

“दादर-परळ रस्त्यावर ट्रक नसतात का?”

तो हसला. मग नाव ऐकलेल्या कंपनीचा एक काढला आणि म्हणाला, यावर भरपूर सूट देतो, फक्त तुमच्यासाठी. मी खाली बसले आणि टायरच्या कडेवरचे आकडे शोधू लागले. माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिने मला आदल्या दिवशी घरच्याच गाडीच्या टायरवर हात ठेवून शिकवलं होतं: शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. टायर कधी तयार झाला ते त्यावरून कळतं. आमच्या गाडीचा एक आकडा वाचून ती म्हणाली होती, “आई, हा फार जुना दाखवतोय गं.” मी म्हटलं होतं, तुझ्या वाचण्यात चूक असेल.

दुकानातला टायर मुलगी दहावीत होती त्या वर्षातला होता.

“हा जुना माल आहे,” मी म्हटलं.

“नवीन आहे मॅडम, वापरलेला नाही.”

“वापरलेला नाही, पण जुना आहे.”

“रबर आहे हो, भाजी नाही शिळी व्हायला.”

“उभ्या गाडीचे टायर सडतात म्हणे. मग तुमच्या गोदामातले काय लोणच्यासारखे मुरतात?”

त्यावर त्याने टायर उचलून परत जागेवर ठेवला. मी गाडीकडे वळले तेव्हा तो शेजाऱ्याला म्हणाला, “घरी भांडून आलीय वाटतं.” मी परत फिरले, त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, “काय म्हणालात?” तो म्हणाला, “काही नाही मॅडम.” मी म्हटलं, “भांडण इथे झालंय. तुम्ही केलंय.” आणि निघाले.

लॅबमधल्या एका सहकाऱ्याने ऑपेरा हाऊसच्या बाजूला जायला सांगितलं. तिथे गल्लीत गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, स्वस्तात मिळतं म्हणाला. रजा टाकून गेले. तिथे एका दुकानाबाहेर टायरांची चळत लावली होती. सगळे इतके काळेभोर की नव्यापेक्षा नवे वाटावेत. मी एकावरून हात फिरवला तर तळवा काळा झाला. पॉलिश. नक्षीच्या खाचेत बोट घातलं तर कडा टोकदार लागली. झिजलेल्या टायरवर कोणीतरी गरम पातीने नव्याने खाचा कोरल्या होत्या. आतली तार एका ठिकाणी जवळजवळ दिसत होती.

“हे कोरलेत,” मी म्हटलं.

दुकानदार चिडला नाही. शांतपणे म्हणाला, “सेकंड में ऐसाच आता है. जिसको नया नहीं पोसाता, वो यही लेता है.”

दादरवाल्यापेक्षा या माणसाचा मला जास्त राग आला. दादरवाला निदान खोटं बोलत होता. हा सरळ सांगत होता की नवे परवडत नसतील तर तुमच्या पोरीबाळींना तारा उघड्या पडलेल्या टायरवर बसवा. आमच्या लॅबमध्ये मुदत संपलेल्या बाटलीवर कोणी नवं लेबल चिकटवलं तर त्याची नोकरी जाते. इथे ते उघड्यावर मांडून विकत होते आणि समोरून पोलिसांची गाडी जात होती. मला महागातले टायर परवडत नव्हते, हे खरं. मुलीची फी, सासूबाईंचं ऑपरेशन, एकटीचा पगार. पण स्वस्त मागायला आलेल्या माणसाला जिवाची किंमत नसते, असं समजून ज्यांनी दुकानं थाटलीत, त्यांच्याशी काय बोलायचं? तिथून मी गिरगाव, मग भायखळा असं खालच्या रस्त्याने, पूल टाळत, बैलगाडीच्या वेगाने परळला आले. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू देत, म्हटलं.

आता एकच दुकान उरलं होतं. लालबागला, नवऱ्याने टायर घेतले होते तिथलं. ते मी मुद्दाम टाळत होते.

माझा नवरा विमा कंपनीत क्लेम बघायचा. पैसे खर्च करायला तो मागेपुढे बघायचा नाही, पण फसणं त्याला सहन व्हायचं नाही. ते टायर घ्यायला तो ऑफिसातून सुटल्यावर रोज संध्याकाळी त्या दुकानात जाऊन बसत होता. घरी येऊन जेवताना मला सांगायचा, हा ओल्या रस्त्यावर चांगला, तो जास्त टिकतो पण आवाज करतो, तिसरा नुसताच महाग. मी म्हणायचे, अरे टायर घेतोयस की जावई शोधतोयस? शेवटी घेतले तेव्हा आम्हा सगळ्यांना खाली बोलावून दाखवले. सासूबाई म्हणाल्या, “टायर काय बघायचे रे?” तर म्हणाला, “चारही सारखे आहेत, आई, बघ तरी.” पुढच्या काही महिन्यांत त्याला कावीळ झाली, ती साधी नव्हती असं कळलं, आणि पावसाळा संपेपर्यंत सगळंच संपलं.

मी दुकानासमोर गाडी लावली. दुकानदार बाहेर आला. गाडी त्याने ओळखली. “वहिनी, साहेबांचं कळलं. फार वाईट झालं,” म्हणाला. मी मान हलवली आणि म्हटलं, “टायर सडलेत. चार हवेत. फार महागातले नकोत, पण जुना माल दाखवू नका.”

तो चाकापाशी गेला, मग दुसऱ्या, मग गाडीला पूर्ण वळसा घालून परत आला.

“वहिनी, हे टायर मी दिलेले नाहीत.”

“म्हणजे?”

“पुढचे दोन एका कंपनीचे आहेत, मागचे दोन दोन तऱ्हांचे. हा तर सेकंडचा आहे. साहेबांना मी चार सारखे दिले होते. इतके दिवस बसून माझं डोकं खाल्लं त्यांनी, मी कसा विसरेन?”

“उभे राहून सडले असतील…”

“सडले तरी कंपनीचं नाव बदलेल का?”

पहिला विचार आला चोरीचा, रात्रपाळीच्या वॉचमनचा. दुकानदाराला म्हटलं, “मी पुन्हा येते,” आणि घरी आले.

आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात. बंदरातून निवृत्त झाल्यापासून दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेले असतात, आमच्या सासऱ्यांच्या वेळचे. मी गाडी लावून उतरले आणि विचारलं, “काका, माझ्या गाडीचे टायर कधी कोणी काढताना पाहिलंत का?”

“तुझ्या दिराने बदलले ना,” ते म्हणाले. “दोन्ही गाड्या शेजारी लावून जॅक लावला होता. अर्धा दिवस चाललं होतं. तुला विचारूनच असेल ना?”

“कधी?”

त्यांनी बोटांवर मोजलं. “पुण्यानुमोदन झालं, त्याच्या पुढच्या रविवारी.”

पुण्यानुमोदन म्हणजे आमच्यात मृत्यूनंतर होणारा विधी. सगळे जमतात, वंदना होते, गेलेल्या माणसाविषयी लोक चार शब्द बोलतात. माझा दीर त्या दिवशी बोलता बोलता रडला होता. पुढच्या रविवारी मी मुलीला घेऊन माझ्या आईकडे माझगावला गेले होते, कारण घरातल्या वस्तूंकडे बघवत नव्हतं. संध्याकाळी परत आले तर दीर स्वयंपाकघराच्या बेसिनपाशी उभा होता. कोपरापर्यंत हात काळे. मला म्हणाला, “वहिनी, दादाची गाडी जरा साफसूफ करून कव्हर घालून ठेवली.” मी त्याला धुण्याचा साबण काढून दिला, टॉवेल दिला. त्याला जेवायला वाढलं. आणि आभार मानले. मी त्याचे आभार मानले होते!

काकांसमोर मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी वर खिडक्यांकडे बघून ओरडले, “सगळ्यांनी पाहिलं ना? मग एकाने तरी सांगायचं!” एका खिडकीत पडदा हलला. काका म्हणाले, “घरातली गोष्ट, आम्ही कसं मध्ये पडणार बाळा.” टायर बदलताना बघत बसायला ती घरातली गोष्ट नव्हती.

माझा दीर मुलुंडला राहतो. एका खाजगी कंपनीत सुपरवायझर आहे. दोघा भावांनी थोड्या अंतराने एकाच मॉडेलच्या गाड्या घेतल्या होत्या, त्यामुळे याचे टायर त्याला बसतात. तो अधूनमधून रविवारी आईला भेटायला येतो. त्या रविवारी तो येणार हे मला माहीत होतं. मी खाली जाऊन थांबले. तो गाडी लावून उतरला, हातात पपई होती.

“भाऊजी, हे टायर कुणाचे?”

“काय वहिनी, आल्या आल्या…” तो हसला. मी हसले नाही. त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अच्छा, ते. अहो, तुमची गाडी उभीच होती ना. उभ्या उभ्या सडले असते. माझी रोज पळते. तुम्हाला विचारणार होतो, पण तुमची तेव्हाची अवस्था…”

“माझी अवस्था तुम्हाला साबण द्यायची होती, जेवायला वाढायची होती. विचारायची नव्हती?”

“हळू बोला, लोक बघतायत.”

“बघू देत. त्या दिवशीही बघत होते.”

“दादाचेच होते ते, परक्याचे नव्हते. दादा असता तर त्याने स्वतः काढून दिले असते.”

हे खरं होतं. माझ्या नवऱ्याने दिले असते. माझ्याशी थोडं भांडून, मग मला पटवून, दिले असते. आणि म्हणूनच माझं डोकं भणभणलं.

“त्याने दिले असते, भाऊजी. तुम्ही घेतलेत. आणि नुसते घेतले नाहीत, तुमचे फेकायच्या लायकीचे माझ्या गाडीला लावून वर कव्हर घातलंत. त्या टायरवर मी तुमच्या आईला बसवून माटुंग्याला नेणार होते. माझी मुलगी मागे बसणार होती. काही झालं असतं तर पुन्हा येऊन रडणार होतात का?”

त्याने पपई या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, “माझा एक माणूस आहे कुर्ल्याला, चांगले सेकंड देतो. उद्याच आणून बसवतो.”

सेकंड हा शब्द ऐकला आणि मी त्याच्या हातातली पपई घेऊन काकांच्या खुर्चीवर ठेवली. “चला,” म्हटलं. “आत्ता. लालबागला. माझ्या गाडीतून.”

गाडी मी चालवली. तो शेजारी बसला, त्याच्याच जुन्या टायरवर. तेवढ्याशा अंतरात त्याने दारावरची मूठ एकदाही सोडली नाही. एक खड्डा आला तेव्हा त्याने पाय खाली दाबले, जणू त्याच्याकडे ब्रेक होता. एरवी मला हसू आलं असतं.

दुकानदाराने आम्हा दोघांना पाहिलं. त्याचा कारागीर दिराला म्हणाला, “साहेब, कोणता दाखवू?”

“त्यांना विचारू नका,” मी म्हटलं. “त्यांना टायर निवडता येत नाहीत, फक्त काढता येतात.”

दुकानदाराने तीन प्रकार मांडले. एक परदेशी नावाचा महागडा, तो त्यानेच बाजूला केला. दुसरा रुंद, दिसायला भारी. मी म्हटलं, गाडीला जे माप कंपनीने दिलंय तेच हवं. तिसरा इथल्याच कंपनीचा, साधा, त्यांच्या मालातला सगळ्यात स्वस्त, पण नवा. मी चारही टायर बाहेर ठेवायला लावले आणि खाली बसून एकेकाचे आकडे वाचले. सगळे चालू वर्षातले निघाले. चारही सारखे. “हे बसवा,” मी म्हटलं.

“चार कशाला?” दीर म्हणाला. “दीड वर्ष वापरले असते तर तुमचेही निम्मे झिजलेच असते. दोनचे मी देतो.”

भर रस्त्यात तो त्याच्या मेलेल्या भावाच्या टायरांच्या झिजेचा हिशोब काढत होता. दुकानदार दुसरीकडे बघू लागला. मला वाटलं होतं की मी आता त्याला फाडून खाईन, पण एकदम किळस आली. या माणसाशी आणखी एक वाक्यही बोलायचं नव्हतं. त्याने दोनचे दिले, मी दोनचे. चाकं बसली, अलाइनमेंट झालं. तोवर तो रस्त्यावर रिकाम्या टॅक्सीकडे बघत उभा होता. मी त्याला परत घेऊन आले, तो वर न जाता स्वतःच्या गाडीत बसून निघून गेला. पपई काकांनी आणून दिली. मी ती कापली नाही. सासूबाईंनी मागितली तेव्हा मुलीने कापून दिली.

सासूबाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “जाऊ दे गं. घरातल्या घरात झालं.” मी म्हटलं, “घरातल्या घरात झालं म्हणूनच जाऊ देत नाही.” त्यांनी तोंड फिरवलं. दीर नंतर यायचा बंद झाला. सासूबाई त्याच्याशी फोनवर हळू आवाजात बोलायच्या आणि मी खोलीत आले की बोलणं बदलायच्या. मी त्यांना दर आठवड्याला माटुंग्याला नेत राहिले. गाडी छान चालत होती. पूर्वी स्टिअरिंग डावीकडे ओढायचं, ते थांबलं. आम्ही दोघी फारसं बोलत नव्हतो.

असंच एकदा जाताना, दादर टीटीचा सिग्नल सुटल्यावर, त्या समोर बघत म्हणाल्या, “टायर मीच काढायला सांगितले होते.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. थोडं पुढे जाऊन झाडाखाली गाडी कडेला घेतली आणि विचारलं, “काय म्हणालात, आई?”

“तो म्हणाला, टायर गुळगुळीत झालेत, आत्ता घेणं जमत नाही. मीच म्हटलं, खाली दादाची उभी आहे, काढ. एक मुलगा गेला होता माझा. दुसऱ्याला काही झालं असतं तर?” त्यांनी पदराने ओठ पुसले. “शेवटचं चाक बसेपर्यंत खिडकीत होते मी.”

“आणि त्याचे खराब झालेले आमच्या गाडीला?”

“तू कधी चालवशील असं वाटलंच नाही.”

“पण चालवली ना! बॅटरीवाला आला तेव्हा तुम्ही घरात होतात. मी दादरला गेले, ऑपेरा हाऊसला गेले, त्याच टायरवर. तुम्ही मला दारातून ‘सावकाश जा’ म्हणालात. तेव्हा तरी सांगायचं होतं.”

त्यांनी काचेबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तू मला ठेवलं असतंस?”

मी ज्या सरळ रागाने दिराला गाडीत घालून नेलं होतं, तो राग इथे उपयोगाचा नव्हता. ही बाई इतकी वर्षं माझ्या हातचं जेवली. मी रक्ताचे रिपोर्ट टाकून हिच्या ऑपरेशनसाठी रात्रंदिवस वॉर्डात बसले. आणि हिला वाटत होतं की चार टायरांसाठी मी हिला बाहेर काढीन. टायर गेल्यापेक्षा या प्रश्नाचा मला जास्त राग आला. मला सांगायचं होतं, हो, कदाचित एक दिवस तुम्हाला मुलुंडला सोडून आले असते, आणि संध्याकाळी परत न्यायला आले असते. पण ते बोलले असते तर त्यांना तेवढाच पहिला भाग ऐकू आला असता.

“एका मुलाची काळजी होती, ते कळलं,” मी म्हटलं. “नात पण तुमचीच आहे, आई. तिचाही विचार करायचा होता.”

त्या रडल्या नाहीत. “केला नाही,” म्हणाल्या. “त्या वेळी नाहीच आला मनात.”

मी गाडी सुरू केली. क्लिनिकच्या दारात वॉकर उघडून दिला, त्यांच्या काखेत हात घालून उतरवलं, आत नेलं. नेहमी मी बाहेर बाकावर बसते, त्या दिवशी गाडीत जाऊन बसले. काचा बंद केल्या आणि मनसोक्त शिव्या दिल्या. दिराला, सासूबाईंना, दादरच्या दुकानदाराला, आणि नवऱ्यालाही, की इतक्या लवकर का गेलास आणि मला या लोकांच्यात का ठेवून गेलास. घसा दुखायला लागला तेव्हा थांबले.

मी त्यांना माफ केलं का, असं माझी मुलगी विचारते. मी तिला सांगते, अजून नाही. दीर फोन करतो, मी उचलत नाही. पण तो आईला भेटायला आला तर दार उघडायचं असं मी सासूबाईंना सांगून ठेवलंय. चहा मात्र त्याने स्वतः करून घ्यायचा. अजून तो आलेला नाही. सासूबाईंना आता वॉकर लागत नाही, काठीवर भागतं. आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं असतं.

परवा माटुंग्याहून परतताना त्या म्हणाल्या, “बाजारात अळू मिळालं तर बघशील का?”

मला पार्किंगसाठी दोन फेऱ्या माराव्या लागल्या. अळूच्या दोन जुड्या घेतल्या, खाज सुटणारं नाही ना ते विचारून घेतलं. परत येऊन जुड्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी एक पान उलटून देठ पाहिला आणि म्हणाल्या, “चांगलं आहे.” आरशात बघून मागची बस जाऊ दिली आणि गाडी रस्त्यावर घेतली.